जुनी डोलकाठी, जुनं शीड: घरी बांधलेल्या होडीसाठी रिग शोधताना

प्लायवुड कापलं, तारेच्या टाक्यांनी शिवलं, इपॉक्सी (चिकट राळ) लावलं, घासलं, पुन्हा लावलं, पुन्हा घासलं, आणि होडीचं अंग एकदाचं उभं राहिलं. बोर्ड (होडीला आडवं सरकू न देणारी पाण्याखालची फळी) आणि सुकाणूही झालं. मग आराखड्याचं शेवटचं पान उघडतं. त्यावर एक काठी आणि एक त्रिकोणी कापड, म्हणजेच रिग, एवढंच असतं, पण नव्या भावात त्याचा हिशोब होडीच्या अंगाइतका किंवा त्याहून जास्त निघतो. घरगुती होड्या अडतात त्या इथेच. अंग ताडपत्रीखाली धूळ खात बसतं आणि बांधणारा म्हणतो, ‘पुढच्या मोसमात बघू.’

जुन्या बाजारात याला उत्तर आहे आणि ते बऱ्यापैकी चांगलं आहे. शर्यतीत उतरणारे लोक शिडाचा आकार जरासा ढिला पडला की नवं शीड घेतात. त्यांच्या लेखी संपलेलं शीड आपल्याला आणखी कित्येक मोसम पुरतं. डोलकाठ्यांचंही तसंच. फायबरग्लासचं अंग फुटतं, मऊ पडतं, टाकून दिलं जातं. त्यावरची अ‍ॅल्युमिनियमची काठी मात्र धडधाकट राहते. अडचण एकच आहे. मिळेल ते उचलून आणलं तर ते तुमच्या होडीला बसेलच असं नाही. म्हणून बाजारात जायच्या आधी थोडं मोजमाप.

आधी आराखडा, मग बाजार

एका जाड कागदावर हे आकडे लिहा आणि तो कागद खिशात ठेवा: शिडाचं क्षेत्रफळ, डोलकाठीची बुडापासून शेंड्यापर्यंतची लांबी, त्यातली होडीच्या आत किती जाते ती लांबी, बूमची (शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या दांड्याची) लांबी आणि शिडाच्या मध्याची जागा. शिडाचा मध्य म्हणजे वाऱ्याचा सगळा जोर जणू एकाच ठिकाणी लागतोय असं धरलं तर तो बिंदू. आराखड्यात तो बहुधा छोट्या वर्तुळाने दाखवलेला असतो, आणि क्षेत्रफळाइतकाच तोही महत्त्वाचा आहे.

त्रिकोणी शिडाचा मध्य घरी काढता येतो. डोलकाठीला लागून असते त्या कडेला लफ म्हणतात आणि खालच्या कडेला फूट. लफ ५ मीटर आणि फूट २.६ मीटर असेल, तर क्षेत्रफळ दोघांच्या गुणाकाराच्या निम्मं, म्हणजे ६.५ चौरस मीटर. मध्य मिळतो लफपासून मागे फूटच्या एक-तृतीयांशावर, म्हणजे साधारण ८७ सेंटिमीटर, आणि खालच्या कोपऱ्यापासून वर लफच्या एक-तृतीयांशावर, म्हणजे १ मीटर ६७ सेंटिमीटर. मागची कड फुगीर असेल तर तो थोडा मागे आणि वर सरकतो, पण अंदाजाला एवढं पुरतं.

याचा उपयोग काय? हा मध्य पाण्याखालच्या बोर्डाच्या फार मागे गेला, तर होडी सतत नाक वाऱ्याकडे वळवते आणि सुकाणूचा दांडा ओढून हात भरून येतो. फार पुढे गेला तर उलटं होतं: होडी वाऱ्यापासून पळते, आणि हे जास्त धोक्याचं. दांडा हातातून सुटला तर होडी आपणहून वाऱ्याकडे वळून थांबायला हवी. म्हणून आराखड्यातल्या जागेच्या जवळपास राहा.

उंचीचंही असंच आहे. क्षेत्रफळ तेच ठेवून बोर्डाच्या मध्यापासून शिडाच्या मध्याची उंची २ मीटरवरून अडीच मीटर झाली, तर होडीला आडवं पाडणारा जोर पाव हिश्शाने वाढला. आराखड्यात बुटकं चौकोनी लग शीड (वरच्या तिरप्या दांड्याला टांगलेलं) आहे आणि तुम्हाला उंच निमुळतं शीड स्वस्तात मिळतंय, तर थोडं लहान शीड घ्या. ‘मोठं मिळालं तर बरंच’ ही समजूत काढून टाका. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा जोर चौपट होतो, आणि तो पेलायला छोट्या होडीत तुमच्या बसण्याच्या जागेशिवाय फारसं काही नसतं.

शेवटची नोंद सगळ्यात मोठी: डोलकाठी तारांनी ताणलेली आहे की स्वतःच्या बळावर मोकळी उभी आहे? दोन्ही जाती वेगळ्या. तारांच्या आधाराची बारीक काठी मोकळी उभी केलीत तर पहिल्याच बऱ्या झुळकीला ती वाकेल किंवा मोडेल. उलट बाजूने, मोकळ्या काठीसाठी बांधलेल्या होडीला तारांची काठी लावायची तर बाजूच्या फळ्यांना तारा अडकवायच्या पट्ट्या आणि त्यामागे जाड आधार हवा. शिवाय ताणलेल्या तारा काठीला खाली दाबतात. तिच्या बुडाखाली एखादी आडवी चौकट नसेल तर तळ फुगू शकतो. होडी अरुंद आणि काठी उंच असेल तर तारांचा काठीशी होणारा कोनही बघा. तो १० अंशांच्या खाली गेला की तारांवरचा ताण आणि काठीवरचा दाब दोन्ही झपाट्याने वाढतात.

एकाच होडीची जोडी घ्या

मी पहिल्यांदा डोलकाठी एका माणसाकडून घेतली आणि शीड दुसऱ्याकडून. काठी सरळ होती, शीड कडक होतं, दोन्ही सौदे करून मी खूश होतो. घरी आल्यावर शिडाच्या कडेला शिवलेला दोर काठीच्या खाचेत सरकवायला गेलो तर तो तोंडाशीच अडला. मेणबत्ती घासली, साबण लावला, शेवटी शेजाऱ्याला वर खेचायला लावलं. एक हात शीड वर गेलं आणि तिथेच फसलं. खाच दोन मिलिमीटरने अरुंद होती. त्यानंतर मोजलं तर लफही खाचेपेक्षा लांब निघाली. ती काठी अजून छपराखाली लटकलेली आहे, तिच्यावर कपडे वाळतात.

दोर आणि खाच ही नुसती दिसणारी अडचण झाली. खरी गोष्ट वाकाची आहे. शीड शिवणारा कारागीर लफ सरळ कापत नाही. अमुक काठी वाऱ्यात अमुक इतकी वाकेल असं धरून तिला बाक देतो. तेच शीड ताठ काठीवर चढवलं की पोट फुगून पिशवी होते. जास्त वाकणाऱ्या काठीवर चढवलं की सपाट पडतं आणि मागच्या खालच्या कोपऱ्यापासून काठीच्या मध्यापर्यंत तिरप्या सुरकुत्या उमटतात. म्हणून डोलकाठी, बूम आणि शीड एकाच होडीचे घ्यावेत, जमलं तर तारा, कप्प्या, दोर यांच्यासकट.

यातूनच पुढचा सल्ला निघतो. सुटे भाग शोधण्यापेक्षा मेलेली होडी शोधा. अंग फुटलेली, गवतात पालथी पडलेली डिंगी (छोटी शिडाची होडी) पुरी विकत घेणं बहुतेक वेळा सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतं. वर सुकाणूच्या बिजागऱ्या, कप्प्या, दोर अडकवायचे क्लीट असा खुर्दा मिळतो, जो सुटा घेतला तर खिसा रिकामा करतो. मालकालाही ती जागा मोकळी हवी असते.

कोणाची रिग कोणाला शोभते

लेझर डिंगी, जिला आता आयएलसीए म्हणतात, ही घरगुती बांधणाऱ्यांची लाडकी. अंग ४.२ मीटरचं, एकच शीड, मोकळी उभी राहणारी दोन तुकड्यांची काठी, एकही तार नाही. काठीचे तुकडे सुटे होत असल्याने ती साध्या गाडीच्या टपावर जाते. शिडाचे तीन आकार आहेत: ७.०६, ५.७६ आणि ४.७ चौरस मीटर. मात्र या तिन्हींना काठीचा खालचा तुकडा वेगवेगळा लागतो. विकणाऱ्याला हे माहीत नसू शकतं, तुम्हाला असायला हवं. वरचा तुकडा सांध्याच्या कॉलरच्या रिव्हेटपाशी मोडतो, तिथे नखाने चाचपून बघा. आणखी एक: हे शीड मोज्यासारखं काठीवर चढतं, त्यामुळे पाण्यात असताना ते खाली उतरवता येत नाही. वारा वाढला की उतरवून वल्ही मारत परत येऊ असा बेत असेल तर ही रिग तुमच्यासाठी नाही.

सनफिश या छोट्या होडीचं शीड साधारण ७ चौरस मीटरचं, त्रिकोणी, वर आणि खाली दोन दांड्यांमध्ये ताणलेलं. काठी आखूड, बांधणी सोपी, आणि ते दोर सोडताच खाली येतं. सपाट तळाच्या छोट्या होडीला हे छान बसतं, फक्त वाऱ्याच्या तोंडाशी फार जवळून जायची अपेक्षा ठेवू नका.

मिरर डिंगी १९६० च्या दशकात घरी प्लायवुड शिवून बांधता यावी म्हणूनच आखली गेली. तिच्या लाल शिडांची गंटर रिग अजूनही हुशारीचा नमुना वाटते. काठी आखूड असते, तिच्यावर दुसरा दांडा उभा सरकतो, आणि सगळे दांडे ३.३ मीटरच्या होडीच्या पोटात मावतात. लाकडी असल्यामुळे दुरुस्ती घरी होते. तीन-साडेतीन मीटरची होडी बांधली असेल तर हिच्या शोधात थोडं थांबायलाही हरकत नाही. ऑप्टिमिस्ट या मुलांच्या डिंगीचं शीड साडेतीन चौरस मीटरच्या आत, मुलांच्या होडीला किंवा वल्ह्याच्या नावेला अधूनमधून वाऱ्यावर न्यायला पुरे.

हॉबी १६ सारख्या दोन अंगांच्या होड्यांची रिग मात्र बाजूलाच ठेवा. दोन शिडं मिळून २० चौरस मीटरच्या आसपास, काठी ८ मीटरची. ती पेलते कारण होडी रुंद आहे. तुमच्या दीड मीटर रुंदीच्या होडीला ती पहिल्या दहा मिनिटांत पालथी घालेल.

विंडसर्फिंगचं सामान ढिगाने आणि कवडीमोलाने मिळतं म्हणून नवखे त्याकडे धावतात. ते शीड खूप वाकवलेल्या काठीसाठी आणि दोन्ही बाजूंनी कवटाळणाऱ्या बूमसाठी कापलेलं असतं. होडीवर ते बसवता येतं, पण काठीचं बूड रुतवायला नळी करण्यापासून सगळं नव्याने जुळवावं लागतं. त्या काठ्या मात्र फायद्याच्या: हलक्या, दोन तुकड्यांच्या. छोट्या लग शिडाच्या वरच्या दांड्याला मी अशी मोडकी काठी वापरली आहे आणि ती तक्रार करत नाही.

शोधायचं कुठे

जिथे डिंगी ठेवतात त्या आवारात स्वतः जा. सेलिंग क्लबच्या मागच्या बाजूला, कुंपणालगत, वर्षानुवर्षं न हललेल्या होड्या असतात. सांभाळणाऱ्या माणसाला विचारा की कोणाचं भाडं थकलंय, कोणती टाकायची आहे. शर्यतीचा मोसम संपतो तेव्हा जा. तेव्हाच लोक नवी शिडं मागवतात आणि जुनी डोळ्यांसमोर नको असतात. होडीच्या जातीची संघटना असेल तर तिच्या विक्रीच्या यादीवर लक्ष ठेवा. शिडं शिवणाऱ्यांकडे दुरुस्तीला आलेली आणि परत न नेलेली शिडं पडून असतात, तिथेही एकदा डोकवा. विचारताना ‘डोलकाठी आहे का’ एवढंच विचारू नका. खिशातला कागद काढा आणि सांगा: ‘साडेसहा मीटरच्या आतली, तारांची, ७ चौरस मीटरच्या शिडासकट.’ समोरचा माणूस लगेच डोक्यात मोजायला लागतो. मोडलेल्या मोठ्या काठीबद्दलही विचारा. बुडाशी मोडलेली ७ मीटरची काठी साफ कापली की तुमची साडेपाच मीटरची काठी होऊ शकते.

डोलकाठी तपासताना

जमिनीवर दोन ठोकळ्यांवर ठेवा, एका टोकाला डोळा लावून शिडाची खाच शेवटपर्यंत बघा. पाव वळण द्या, पुन्हा बघा. एकसारखा हलका बाक चालतो, बहुतेक वेळा तो हळूच उलट वाकवून निघतोही. एकाच जागी मोडल्यासारखा कोन दिसला तर सोडून द्या. सरळ केलात तरी धातू तिथे थकलेला आहे.

मग बोटं फिरवा. अ‍ॅल्युमिनियमवर स्टीलचं काहीही बसवलं असेल तर त्याच्या कडेला पांढरी भुकटी किंवा फोड शोधा. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. थोडी भुकटी घासून जाते. खाली खड्डे असतील किंवा रिव्हेटच्या भोकापासून केसासारखी भेग निघाली असेल तर ती काठी बांबूच्या कुंपणाला द्या. बूड नीट बघा, तिथे पाणी साचतं. बूम जोडलेली जागा, तारा अडकतात ती जागा आणि तारांना काठीपासून दूर ढकलणारे बाजूचे आडवे दांडे लागतात ती जागा, या तीन ठिकाणी काठ्या मोडतात.

‘वेल्डिंग करून देतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या मिश्रधातूची ताकद बरीच उतरते आणि काठी पुन्हा तिथेच जाते. जोडायचीच तर आत घट्ट बसणारी नळी घालून रिव्हेट करतात.

लाकडी काठी असेल तर बोटाच्या गाठीने ठोकत जा. खणखणीत आवाज मध्येच भद्द झाला की तिथे कुज किंवा सुटलेला जोड. काळे डाग पडले असतील तर टोच्याचं टोक दाबून बघा. वार्निश उडालेलं असणं हा दोष नाही, भाव पाडायचं कारण आहे.

तारा कशाही दिसल्या तरी नव्या घाला. बोटाला टोचणारा एक तुटका धागा म्हणजे आत आणखी तुटलेत असं समजा. जुन्या तारा मापासाठी जपून ठेवा, तेवढाच त्यांचा उपयोग.

शीड हातात घेऊन

डाग बघून घाबरू नका. बुरशीचे ठिपके, गंजाचे ओघळ दिसायला वाईट, ताकदीला फारसं काही करत नाहीत. शिडाचा खरा शत्रू ऊन. पॉलिस्टरचं कापड, ज्याला सगळे डेक्रॉन म्हणतात, उन्हाने ठिसूळ होतं, आणि त्याच्याआधी शिवण जाते, कारण दोरा कापडाच्या वर उघडा असतो. मागच्या कडेजवळच्या शिवणीवर अंगठ्याचं नख जोरात ओढा. दोरा तुटून धूळ झाली तर शिवण संपली. कापड चांगलं असेल तर ती पुन्हा मारता येते. कापडाची परीक्षा मुठीत: नवं कापड कागदासारखं कुरकुरतं, थकलेलं धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखं निमूट मुठीत येतं. मऊ कापडाने हौसेची सैर होते. पण कडेचा धागा ओढताच कापड फाटायला लागलं तर घेऊ नका, त्याला दुरुस्ती नाही. काचेसारखी पारदर्शक फिल्म असलेल्या शिडांचे थर सुटलेले दिसले तर तेही तसंच.

तिन्ही कोपऱ्यांची कडी, शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्यांचे खिसे आणि डोक्याकडची फळी बघा. शिडावरचा नंबर वाचा. एकाच जातीत लहान नंबर म्हणजे जुनी होडी, एवढा अंदाज येतो.

जमलं तर हलक्या वाऱ्यात चढवून बघायचा हट्ट धरा. बूमखाली उताणे पडा आणि वर पाहा. शिडाचं सगळ्यात खोल पोट लफपासून ४० ते ४५ टक्क्यांवर असावं. निम्म्याच्या मागे सरकलं असेल तर कापड ताणलं गेलंय: होडी चालेल, पण जोराच्या वाऱ्यात जास्त कलेल. लफच्या कडेने सुरकुत्या जमल्या असतील तर बऱ्याचदा कापड ठीक असतं, आतला दोर आकसलेला असतो. एका टोकाची शिवण उसवून दोर ढिला सोडला की सुरकुत्या जातात. हे ठाऊक नसलेला मालक असं शीड पडत्या भावात देतो.

घरी आणल्यावर

लांब काठी नेताना गाडीवर निदान दोन ठिकाणी टेकू द्या आणि मागच्या टोकाला लाल कापड बांधा. काठी आखूड करायची असेल तर बुडाकडून कापा, कारण शेंडा निमुळता आणि मुद्दाम लवचीक केलेला असतो. कापण्याआधी बूम आणि तारांच्या जागा नव्या उंचीवर कुठे येतील ते खडूने काढा. शीड मोठं असेल तर कात्री लावू नका. खालच्या बाजूला आडवी रांग मजबूत करून कड्या बसवून घ्या, म्हणजे वारा वाढल्यावर तेवढं गुंडाळून बांधता येतं. मंद वाऱ्यात पुरं शीड हाताशी राहतं.

मोकळ्या काठीसाठी वरच्या फळीतलं भोक आणि तळातली खोबण यांच्यातलं अंतर जितकं जास्त तितकं बरं. ४० सेंटिमीटरऐवजी २० असेल तर त्याच वाऱ्यात फळीवर जवळजवळ दुप्पट जोर येतो. पोकळ काठीची दोन्ही तोंडं फोमने बंद करा. होडी आडवी झाल्यावर काठी तरंगली तर ती उलटी व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तुम्ही बोर्डवर चढू शकता. स्टीलच्या भागाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी घाला.

पहिल्यांदा काठी उभी कराल ती पाण्यावर नको, जमिनीवर, आणि त्याआधी मान वर करून विजेच्या तारा बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या डोलकाठीचा तारेला स्पर्श होऊन माणसं गेली आहेत, आणि बहुतेकदा ती गाडीतळापासून पाण्यापर्यंतच्या थोड्याशा अंतरात.

मग एखाद्या मंद वाऱ्याच्या दिवशी बाहेर काढा. सुकाणूचा दांडा दोन बोटांत धरा आणि अंगठ्यावर येणारा जोर बघा. दांडा फार ओढत असेल तर काठी थोडी पुढे कलवा, होडी वाऱ्यापासून पळत असेल तर मागे. तारांच्या काठीला पुढची तार सोडून किंवा आवळून हे होतं. मोकळ्या काठीला तळातली खोबण हलवावी लागते. म्हणून खोबणीचा ठोकळा पहिल्या मोसमात इपॉक्सीने चिकटवू नका. दणकट स्क्रूंवर बसवा आणि पुढे-मागे दोन-दोन सेंटिमीटर सरकायला जागा ठेवा.